फिंग-तंग

फिंग-तंग : ‘समता’ या अर्थाचा चिनी जोडशब्द. पहिल्या अक्षराचा सूर चढता, दुसऱ्याचा खाली जाऊन वर येणारा. रोमन स्पेलिंगवरून आपल्याकडे ‘पिंग-डंग’ वाचतात, ते चुकीचे.

रायपूरच्या समता कॉलोनीच्या पाटीचा अर्थ चिनी पाहुण्याला सांगायचा तर हाच शब्द लागेल. आणि तो त्याला आपल्याकडूनच मिळालेला आहे. शब्दाचे दोन्ही घटक अस्सल चिनी, पण संस्कृत ‘सम’ आणि ‘समता’ यांच्यासाठी बौद्ध भाषांतरकारांनी तो रूढ केला. ह्युएनत्संगाने ‘समताज्ञान’ या संज्ञेच्या भाषांतरात तोच योजला. हा भिक्षू इ. स. ६३९च्या सुमारास दक्षिण कोसलात येऊन गेला. त्याने पाहिलेली राजधानी म्हणजे रायपूरजवळचे सिरपूर, असे बरेच अभ्यासक मानतात. तिथले विहार १९५०च्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी उत्खननातून उजेडात आणले.

‘फिंग’ म्हणजे सपाट, सारखे. दोन आडव्या रेघा, मधे दोन तिरके फटकारे, खाली उतरणारी एक उभी रेघ : अक्षर थेट तराजूसारखे दिसते. लक्षात ठेवायला ही युक्ती छान, व्युत्पत्ती म्हणून खोटी. शू शेनच्या इ. स. १००च्या सुमारास सिद्ध झालेल्या कोशात मूळ अर्थ ‘संथ, मोकळे बोलणे’ असा दिला आहे.

‘तंग’ची गोष्ट जास्त रंगतदार. वर बांबूचे चिन्ह, खाली ‘कचेरी’ या अर्थाचे अक्षर (पुढे त्याच अक्षराचा अर्थ बौद्ध मठ झाला). कागदाआधी लिखाण बांबूच्या पट्ट्यांवर होई. शू शेन अर्थ देतो : पट्ट्या एकसारख्या लावणे. कारकून कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटून कडा जुळवतो, तसेच काहीसे. त्यातून ‘सारखे’ हा अर्थ आला. पण ‘प्रत, दर्जा’ हाही अर्थ याच अक्षराला आहे. त्यामुळे समतेच्या शब्दात बसलेले अक्षरच ‘यी-तंग’ होऊन पहिला दर्जाही दाखवते!

जपानीत हीच अक्षरे ‘ब्योदो’ अशी वाचतात. राजकीय समतेचा आधुनिक अर्थ शब्दाला १९व्या शतकात पाश्चात्त्य विचारांच्या भाषांतरांतून चिकटला. चीनच्या १९८२च्या संविधानातील ३३वे कलम नागरिकांना कायद्यापुढे फिंग-तंग ठरवते.

रोजच्या बोलण्यात मात्र एकट्या ‘तंग’चा अर्थ ‘वाट पाहणे’. ‘तंग यी-शिया’ म्हणजे ‘जरा थांबा’.