पीक प्रात्यक्षिकाचं मूळ गाव

बांधावर ‘पीक प्रात्यक्षिक’ असा फलक दिसला की तो कृषी खात्याचा, एवढंच आपण धरून चालतो. पण या प्रात्यक्षिकाचा मूळपुरुष सरकारी दप्तरात सापडत नाही. तो अमेरिकेतल्या लुईझियानात, जमिनी विकणाऱ्या एका कंपनीकडे सापडतो, असं माझं ठाम मत आहे.

सर्वमान्य कथा टेक्सासची. मेक्सिकोतून आलेल्या सोंडकिड्यानं तिथली कपाशी पोखरली. १९०३ मध्ये कृषितज्ज्ञ सीमन नॅप यांनी टेरेलच्या वॉल्टर पोर्टर यांच्याकडून ७० एकरांत सुधारित पद्धतीनं लागवड करवून घेतली. नुकसान झालं तर भरून देऊ म्हणून गावकऱ्यांनी वर्गणी काढून ठेवली होती. तिला हात लावावा लागला नाही. पोर्टर यांना उलट ७०० डॉलर जास्त सुटले. पुढे १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्यानं या पद्धतीला देशभर पाया मिळाला.

पण ही युक्ती नॅप यांच्याकडे आली कुठून? १८८५ च्या सुमारास आयोवातलं कृषी महाविद्यालय सोडून ते लुईझियानात आले, ते एका ब्रिटिश कंपनीच्या जमिनी वसवायला. स्थानिक लोक सांगत, इथं गुरं चरतील, पीक येणार नाही. मग गिऱ्हाईक कसं टिकणार? नॅप यांनी प्रत्येक टापूत सवलतीच्या अटींवर उत्तरेकडचा एकेक कसलेला शेतकरी बसवला. त्याचं शेत पिकलं आणि आजूबाजूच्या जमिनीला गिऱ्हाईक मिळू लागलं. टेरेलमध्ये जमिनीऐवजी पद्धत पटवायची होती, इतकाच फरक.

काही अभ्यासक मान देतात आयर्लंडला. बटाट्याच्या दुष्काळात, १८४७ मध्ये, लॉर्ड क्लॅरेंडन यांच्या पुढाकारानं तिथं फिरते कृषिशिक्षक गावोगाव धाडले गेले. काळ पाहिला तर ते थोरले, हे मान्य. पण त्यांचा मुख्य भर उपदेशावर होता. शेतकऱ्याचीच जमीन, त्याचेच हात आणि तोट्याला आधी लावलेला टेकू, ही तिन्ही लक्षणं टेरेलमध्ये एकत्र भेटतात. नॅप यांनी आयर्लंडकडून काही उचललंही असेल. माझ्या मते कणा मात्र लुईझियानाचाच.

या पद्धतीचा भारतातला धागा उत्तर प्रदेशातल्या इटाव्याचा. १९४८ मध्ये अमेरिकी नियोजनकार अल्बर्ट मेयर यांच्या ग्रामविकास प्रकल्पात होरेस होम्स हे अमेरिकी कृषिविस्तार तज्ज्ञ आले आणि ‘पंजाब ५९१’ गहू शेतकऱ्यांच्याच रानात उभा राहिला. २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि ग्रामसेवकाबरोबर प्रात्यक्षिक आपल्या गावांत पोचलं.