रझांचा ठिपका



परदेशीं स्थायिक झालेल्या मनुष्याचें गांव कोणतें, या प्रश्नाचें उत्तर सरकारी कागदांत सहज सांपडतें. त्याच्या मनांत तें शोधावयास मात्र कधीं कधीं सारा जन्म पुरत नाहीं. चित्रकार सय्यद हैदर रझा यांनीं हा शोध निसर्गचित्रांतून केला. त्यांची हकीकत आज सांगावीशी वाटण्याचें कारण असें, कीं तिच्या आरंभीं एक शाळामास्तर आहे, आणि मीहि जन्मभर तोच पेशा केला.

रझा यांचा जन्म १९२२ सालीं आजच्या मध्यप्रदेशांतील बाबरिया या गांवीं झाला. वडील जंगल खात्यांत नोकरीस होते. भोंवतीं दाट अरण्य. रात्रीं काळोखाचें भय, आणि दिवस उजाडला म्हणजे बाजाराच्या गजबजाटांत रंगांची उधळण. शाळेंत या मुलाचें चित्त स्थिर होईना. तेव्हां नंदलाल झारिया या गुरुजींनीं भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्यावर नजर खिळवून बसावयास सांगितलें. ही शिक्षा कीं दीक्षा, हें कळावयास पुढें चाळीसांहून अधिक वर्षें जावीं लागलीं.

नागपूरच्या चित्रशाळेंतून रझा मुंबईस जे. जे. कलाशाळेंत आले. मुंबईचे पावसाळी रस्ते त्यांनीं जलरंगांत रंगविले. १९४७ सालीं सूझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे यांच्यासह ते प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या मंडळांत होते. त्याच सुमारास देशाची फाळणी झाली. भावंडें व पहिली पत्नी पाकिस्तानांत गेलीं. रझा येथेंच राहिले. आईबापहि दीड-दोन वर्षांत निवर्तले. घर असें चहूंकडून मोडलें असतांना ते निसर्गचित्रें काढीत होते, हें विसरतां कामा नये.

१९४८ सालीं काश्मिरांत फ्रेंच छायाचित्रकार कार्तिये-ब्रेसाँ यांनीं त्यांचीं चित्रें पाहिलीं आणि त्यांत बांधणी नाहीं, सेझानचा अभ्यास करा, असें स्पष्ट सांगितलें. रझांनीं तें मनावर घेतलें, आणि १९५० सालीं शिष्यवृत्ति मिळवून पॅरिस गांठलें. तेथील पहिल्या चित्रांत डोंगरावरचीं घरें काटेकोर उभीं आहेत, पण वस्तींत माणूस दिसत नाहीं, आणि वर काळा सूर्य! परक्या भूमींत नुकत्याच उतरलेल्या मनुष्याची ही दृष्टि नव्हे काय? १९५६ सालीं तेथील समीक्षकांचें पारितोषिक त्यांना मिळालें. १९५९ सालीं जानीन मोंजिला या चित्रकर्तीशीं विवाह झाला. पुढें दक्षिणेंतील गोर्बियो खेड्यांत त्यांचें घरहि झालें.

कीर्ति मिळाली, तरी समाधान नव्हतें. फ्रान्सनें हात घडविला. पण त्या हातानें कोणती भूमि रंगवावी? ते वरचेवर हिंदुस्थानांत येऊं लागले. मग चित्रांतून घरें व चर्चचे मनोरे हळूहळू नाहींसे झाले. राहिले ते अरण्याच्या रात्रीचे काळे व मातीचे तांबडे रंग. अखेर मध्यभागीं उगवला तो काळा बिंदु. १९८१ सालच्या 'माँ' या चित्रावर तर त्यांनीं कवि अशोक वाजपेयी यांची हिंदी ओळ देवनागरींत लिहिली. गोर्बियोंत बसून ते मंडल्याशीं बोलत होते.

पत्नीच्या निधनानंतर आठ वर्षांनीं, म्हणजे २०१० च्या अखेरीस, ते दिल्लीस परतले. २३ जुलै २०१६ रोजीं त्यांचें देहावसान झालें, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणें मंडला येथें वडिलांच्या कबरीशेजारीं त्यांचें दफन झालें.

साठ वर्षें परमुलुखांत राहूनहि ज्याचें गांव सुटलें नाहीं, त्यानें तें आठवणींचे कढ काढून राखलें नाहीं. एका जागीं नजर ठेवण्याच्या अभ्यासानें राखलें. आम्हां मास्तर मंडळींस आपण वर्गांत काय पेरलें, हें बहुधा कळत नाहीं. त्या भिंतीवरचा ठिपका पुसून गेला असेल. पण एका मुलाला घरचा रस्ता दाखवावयास तो पुरेसा झाला.