वाळूखालचे उद्यान

गतकाळ पुन्हा उभा करावयाचा म्हटले, तर नेमका कोणता गतकाळ, हा प्रश्न प्रत्येक जीर्णोद्धाराच्या मुळाशी असतो. वास्तूवर अनेक पिढ्यांचे थर चढलेले असले म्हणजे एक उजळताना दुसरा पुसावा लागतो. हॉलंडमधील आपेलडोर्नजवळच्या हेट लो राजवाड्याचा वृत्तांत या दृष्टीने मननीय आहे.

ऑरेंज घराण्यातील तिसऱ्या विल्यमने १६८४ मध्ये मृगयेसाठी ही जागा घेतली. १६८९ मध्ये तो व त्याची पत्नी मेरी इंग्लंडच्या सिंहासनावर आरूढ झाली आणि मृगयागृहाला राजप्रासादाचा इतमाम आला. उद्यान अस्सल बरोक पद्धतीचे होते : मध्यरेषेच्या दोन्ही अंगांस तंतोतंत जुळणारे ताटवे, कातरलेली कुंपणे, मूर्ती आणि कारंजी. विल्यमचा हाडवैरी चौदावा लुई याला व्हर्सायसाठी सेन नदीचे पाणी मार्लीच्या अवाढव्य यंत्राने वर चढवावे लागे. येथे मात्र उंचवट्यावरून नळांनी आणलेले पाणी केवळ उताराच्या बळावर उसळे. मुख्य कारंज्याची धार १३ मीटर उंच जाई.

१८०६ मध्ये नेपोलियनचा भाऊ लुई बोनापार्ट हॉलंडचा राजा झाला. तोवर अभिरुची पालटली होती. त्याने उद्यान वाळूखाली पुरून त्यावर इंग्रजी धर्तीचे मोकळे उपवन रचविले आणि विटांच्या भिंतींना गिलावा चढविला. विसाव्या शतकाच्या आरंभी वाड्यावर आणखी एक मजला चढला. राज्यत्यागानंतर राणी विल्हेल्मिना येथेच राहिली आणि १९६२ मध्ये येथेच निवर्तली.

१९७७ ते १९८४ या काळात जीर्णोद्धार झाला. उत्खननात जुने पाये सापडले. ज्या वाळूने उद्यान नाहीसे केले, तिनेच त्याचा आराखडा जपला होता. विल्यमचा वैद्य वॉल्टर हॅरिस याने १६९९ मध्ये प्रसिद्ध केलेले वर्णन आणि जुनी कोरीव चित्रे यांचाही आधार मिळाला. गिलावा खरवडला गेला, वरचा मजला उतरविला गेला आणि जुन्या रेषांच्या आड येणारे वृक्ष तोडले गेले.

हे योग्य झाले काय? लुईचे उपवनही इतिहासच होते, आणि त्याचे आयुष्य मूळ उद्यानाहून अधिक. तोडलेला वृक्ष कोणत्याही आराखड्यावरून परत उभा करता येत नाही, हा आक्षेप हलका नव्हे. परंतु निसर्गशैलीची उपवने युरोपात विपुल आहेत आणि राजवाड्याच्या परिसरात तसे उपवन आजही आहे. सतराव्या शतकातील डच राजोद्यान मात्र दुर्मिळ. म्हणून हा निर्णय मला समर्थनीय वाटतो. मात्र तो निर्दोष नाही, याची जाणीव ठेवूनच.

पुढे रोगामुळे तेथील बॉक्सवूडची कुंपणे काढून जपानी हॉलीची लावावी लागली. म्हणजे रोपे मूळची नाहीत, जातही मूळची नाही. उरली ती रेषा. उद्यानाचा जीर्णोद्धार एकदा करून संपत नाही. प्रत्येक पिढीच्या माळ्याला तो नव्याने करावा लागतो.