वसंत सरावातील आकडे आणि स्टार्टिंग पिचरची खरी पारख

दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचे ३० संघ सरावासाठी उबदार प्रदेशात दाखल होतात. त्यांपैकी १५ संघ ॲरिझोनात, तर १५ फ्लोरिडात तळ ठोकतात. तेथील सराव सामन्यांना अनुक्रमे ‘कॅक्टस लीग’ आणि ‘ग्रेपफ्रूट लीग’ अशी नावे आहेत. ‘स्प्रिंग ट्रेनिंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या काळात सर्वाधिक लक्ष असते ते स्टार्टिंग पिचरवर, म्हणजेच सामन्याच्या आरंभापासून चेंडू टाकणाऱ्या खेळाडूवर.

प्रत्येक संघ १६२ सामन्यांच्या मुख्य हंगामासाठी साधारणतः पाच स्टार्टिंग पिचर निश्चित करतो आणि ते आळीपाळीने खेळतात. पहिली तीन-चार नावे बहुधा आधीच ठरलेली असतात. उरलेल्या जागेसाठी नवोदित, दुखापतीतून परतलेले आणि कारकिर्दीच्या उतरणीला लागलेले खेळाडू झुंजतात. सुरुवातीच्या २६ जणांच्या चमूत स्थान न मिळाल्यास कनिष्ठ लीगमध्ये परतावे लागते, काहींचा करारही संपुष्टात येतो. त्यामुळे सुरुवातीच्या दोन-तीन सामन्यांतील कामगिरीचा अर्थ कसा लावावा, हा प्रश्न अनेकांच्या उपजीविकेशी निगडित आहे.

आकडे का फसवतात?

पिचरची कामगिरी प्रामुख्याने ‘अर्न्ड रन ॲव्हरेज’ या सरासरीने मोजली जाते. क्षेत्ररक्षणातील चुकांमुळे मिळालेल्या धावा वगळून, पिचरने दर नऊ इनिंगमागे किती धावा दिल्या हे ती दर्शवते. सरावाच्या आरंभी पिचर एक-दोन इनिंगच टाकतो आणि मार्चअखेरीस हे प्रमाण पाच-सहा इनिंगपर्यंत वाढवले जाते. तीन इनिंगमध्ये चार धावा दिल्यास ही सरासरी १२.०० होते. त्याच चार धावा १८० इनिंगच्या पूर्ण हंगामात विखुरल्या, तर सरासरीत केवळ ०.२० ची भर पडते. एका वाईट षटकावरून गोलंदाजाची वर्षभराची योग्यता ठरवू नये, हे क्रिकेटरसिकांना परिचित असलेले तत्त्व येथेही लागू पडते.

प्रतिस्पर्ध्याचा दर्जाही समान नसतो. आरंभीच्या सामन्यांत प्रस्थापित फलंदाज थोडाच वेळ खेळतात आणि त्यांची जागा कनिष्ठ लीगमधील तरुण घेतात. शिवाय पिचरचा हेतू प्रत्येक वेळी फलंदाज बाद करणे हाच असतो असे नाही. एखादा नवा चेंडू आजमावण्यासाठी तो धावांची पर्वा न करता वारंवार टाकला जातो. काही अनुभवी पिचर तर आपल्याच गटातील प्रतिस्पर्ध्यांना अस्त्रे दिसू नयेत, म्हणून नियोजित सामना टाळून कनिष्ठ खेळाडूंसमोर सराव करतात. हवामानाचाही परिणाम होतो. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत चेंडू दूर जातो आणि वळणारा चेंडू अपेक्षेपेक्षा कमी वळतो. फ्लोरिडाच्या दमट हवेतील चित्र वेगळे असते.

कोणत्या खुणा विश्वासार्ह?

जाणकार धावांपेक्षा चेंडूकडे पाहतात. पहिली खूण वेगाची. मार्चच्या आरंभी वेग ताशी एक-दोन मैलांनी कमी असणे स्वाभाविक मानले जाते. मात्र दर सामन्यागणिक तो वाढणे अपेक्षित असते. तो वाढला नाही किंवा अचानक घसरला, तर खांदा अथवा कोपराच्या दुखापतीची शंका घेतली जाते. दुसरी खूण नियंत्रणाची. स्ट्राइकआउट अधिक आणि वॉक, म्हणजे फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस, कमी असतील, तर तो धावांच्या सरासरीपेक्षा भरवशाचा संकेत ठरतो. तिसरी खूण म्हणजे चेंडूंच्या प्रकारांतील बदल, उदाहरणार्थ नव्याने आत्मसात केलेला चेंडू किंवा पकडीत केलेली सुधारणा. चौथी खूण दमाची. ठरावीक दिवसांच्या विश्रांतीनंतर पिचर प्रत्येक वेळी अधिक चेंडू टाकू शकतो का, हे पाहिले जाते.

या निरीक्षणास तंत्रज्ञानाची जोड मिळाली आहे. मेजर लीगच्या सर्व मैदानांवर २०१५ पासून ‘स्टॅटकास्ट’ ही मापनप्रणाली कार्यरत आहे. २०२० पासून तिच्यात क्रिकेट आणि टेनिसमध्ये परिचित असलेल्या ‘हॉक-आय’चे कॅमेरे वापरले जातात. चेंडूचा वेग, फिरकी आणि दिशाबदल यांची नोंद होत असल्याने थोड्या चेंडूंवरूनही काही ठोस निष्कर्ष काढता येतात.

ओतानी यांचे उदाहरण

या विषयातील बोलके उदाहरण जपानच्या शोहेई ओतानी यांचे आहे. २०१८ मध्ये लॉस एंजेलिस एंजल्सकडून कॅक्टस लीगमध्ये खेळताना त्यांनी तीन इनिंगही पूर्ण न करता आठ धावा दिल्या आणि त्यांची सरासरी २७.०० झाली. फलंदाजीतही ते अपयशी ठरले. त्यांना कनिष्ठ लीगमध्ये पाठवावे, अशी चर्चा सुरू झाली. संघाने मात्र त्यांच्या चेंडूंच्या दर्जावर विश्वास ठेवला. १ एप्रिल रोजी ओकलंडविरुद्ध त्यांनी पदार्पणातच विजय मिळवला. आठवडाभराने त्याच संघाच्या पहिल्या १९ फलंदाजांपैकी एकालाही त्यांनी बेसवर पोहोचू दिले नाही आणि सामन्यात १२ स्ट्राइकआउट नोंदवले. हंगामाअखेर पिचर म्हणून त्यांची सरासरी ३.३१ होती आणि अमेरिकन लीगच्या सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा किताब त्यांना मिळाला.

याच वर्षाची दुसरी बाजूही लक्षात घेण्याजोगी आहे. जूनमध्ये ओतानी यांच्या कोपराच्या अस्थिबंधाला इजा झाल्याचे निष्पन्न झाले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्यावर ‘टॉमी जॉन’ शस्त्रक्रिया झाली. १९७४ मध्ये याच नावाच्या पिचरवर ती प्रथम करण्यात आली होती. तिच्यानंतर पुनरागमनास साधारणतः वर्षाहून अधिक काळ लागतो. म्हणूनच वसंत सरावात संघ धावफलकाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, पिचरच्या हाताकडे लक्ष देतात. हात निरोगी असणे, वेग वाढत जाणे आणि चेंडूवर ताबा असणे या तीन गोष्टी जुळून आल्या, तर मार्चमधील महागड्या इनिंगला फारसे महत्त्व उरत नाही. त्या जुळल्या नाहीत, तर शून्य धावांची सरासरीही दिलासा देऊ शकत नाही.