पैलतीरावरचे लग्न

आमच्या जित्याला वरातीत बँडवाल्याने ‘बॉबी’तले सोने-चांदी नाकारणारे गाणे वाजवले, की म्हातारीकोतारीही ताल धरतात. राज कपूर यांच्या १९७३ च्या या चित्रपटासाठी लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी ती चाल गोव्याहून उचलली. मूळ गीत कोकणी, ‘हांव सायबा पलतडी वेतां’. ते कार्लुस एउजेनियो फेरेरा यांच्या नावावर असून १८९५ साली पॅरिसला छापले गेले. या प्रकाराला देखणी म्हणतात. घुमटाच्या तालावर ख्रिस्ती घरांतल्या मुली कलावंतिणीचा वेष घेऊन ती नाचत.

गीतातली कलावंतीण नावाड्याला विनवते, ‘दामूच्या लग्नाला जायचे आहे, पलीकडे पोचव.’ अंगावरचे दागिने देऊ करते, तो नको म्हणतो. ऐकणारा हसतो.

पण वाचकहो, ही बाई मांडवात निघाली आहे ती नाचायला. देवाला वाहिलेल्या कलावंतिणीच्या नशिबी स्वतःचे लग्न नसे. सिनेमात ती कुठेच दिसत नाही. ज्या चालीवर आपण वराती काढतो, ती अशा बाईच्या गाण्याची आहे, एवढे वर्गातल्या मुलींना मी आवर्जून सांगतो.