एका बक्षिसाच्या निबंधाची हकीकत

निबंध चांगला कसा लिहावा, हा प्रश्न शाळा-कॉलेजांतील विद्यार्थी चढाओढीच्या दिवसांत दरवर्षीं विचारतात, आणि त्यांना ठराविक उत्तर मिळतें : आरंभ आकर्षक असावा, मधून मधून सुभाषितें पेरावीं, शेवट ठसठशीत करावा. हें उत्तर अगदींच खोटें नव्हे. पण तें निबंधाच्या पोषाखाविषयीं आहे, प्रकृतीविषयीं नाहीं. निबंधाच्या अंगांत बळ कशानें येतें हें पाहावयाचें असेल, तर इ. स. १७८५ सालीं केंब्रिज विद्यापीठांत बक्षिसासाठीं लिहिल्या गेलेल्या एका लॅटिन निबंधाची हकीकत मनन करण्यासारखी आहे.

त्या सालच्या निबंधाचा विषय व्हाइस-चॅन्सेलर डॉ. पीटर पेकर्ड यांनीं ठरविला होता : 'दुसऱ्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणें न्याय्य आहे काय ?' प्रश्न वरवर पाहतां तात्त्विक होता. पण विचारणाराचें मन त्या वेळीं तत्त्वज्ञानांत गुंतलेलें नव्हतें. १७८१ सालीं 'झाँग' नांवाच्या इंग्रजी जहाजावरून एकशेंतीसांहून अधिक आफ्रिकन बंदिवानांना समुद्रांत लोटून देण्यांत आलें होतें. आणि १७८३ सालीं तें प्रकरण न्यायासनापुढें आलें, तें खुनाचें म्हणून नव्हे, तर बुडालेल्या मालाच्या विम्याचें म्हणून! पेकर्ड यांनीं स्वतः या व्यापाराविरुद्ध धर्मपीठावरून प्रवचन केलें होतें. आतां त्यांनीं तोच प्रश्न तरुणांच्या पुढें टाकला.

सेंट जॉन्स कॉलेजांतील थॉमस क्लार्कसन हा पंचवीस वर्षांचा पदवीधर या चढाओढींत उतरला. आदल्या वर्षीं लॅटिन निबंधाचें बक्षीस त्यानेंच मिळविलें होतें, व तो मान टिकवावा एवढाच त्याचा हेतु होता. ही गोष्ट त्यानें पुढें मोकळ्या मनानें कबूल केली आहे. ग्रीक व रोमन ग्रंथकारांचे उतारे जुळवून त्याला एक सुबक निबंध उभा करतां आला असता. पण प्रश्नाचा रोंख त्यानें ओळखला आणि आपल्याच देशाची जहाजें चालवीत असलेला आफ्रिकेंतील माणसांचा व्यापार हाच आपला विषय ठरविला. येथेंच त्याचें पहिलें पाऊल बरोबर पडलें.

पण लिहावें कशाच्या आधारें ? मुदत थोड्या आठवड्यांची, आणि विषयाची माहिती जवळजवळ शून्य. या व्यापारांत असलेल्या एका दिवंगत मित्राचे कागद त्यानें मिळविले. वेस्ट इंडीज बेटांत राहून आलेल्या अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले. तरीही सामग्री तोकडीच वाटत होती. अशांत वर्तमानपत्रांतील एका जाहिरातींत त्याला फिलाडेल्फियाचे क्वेकर शिक्षक अँथनी बेनेझेट यांच्या गिनी देशाविषयींच्या ग्रंथाचें नांव दिसलें. तो तडक लंडनला गेला व तो ग्रंथ विकत घेऊन आला. त्या ग्रंथानें त्याला प्रत्यक्ष पाहून आलेल्या प्रवाशांच्या लेखांचा रस्ता दाखविला.

मग एक विलक्षण गोष्ट घडली. पुरावा जसजसा वाढूं लागला, तसतसा बक्षिसाचा आनंद नाहींसा झाला. दिवसा चैन पडेना, रात्रीं झोंप येईना. मनांत आलेला विचार हातचा जाऊं नये म्हणून तो रात्रभर उशाशीं मेणबत्ती जळत ठेवी आणि मध्येंच उठून लिहीत बसे. परीक्षकांचें समाधान व्हावें ही इच्छा मागें पडली. त्या दुर्दैवी लोकांच्या कांहीं कामीं पडेल असें लिहावें, ही इच्छा पुढें आली.

बक्षीस त्यालाच मिळालें. सेनेट हाउसमध्यें निबंध वाचला गेला, त्याची वाहवा झाली. एखाद्याची गोष्ट येथेंच संपली असती. पण घोड्यावरून लंडनला जातांना क्लार्कसनच्या मनांतून विषय जाईना. तो मधून मधून घोडा थांबवी, उतरून पायीं चाले. हर्टफर्डशायरमधील वेड्स मिल गांवाजवळ तो खिन्न होऊन रस्त्याच्या कडेला बसला. आपण लिहिलें तें खरें असेल, तर कोणीतरी या अनर्थाचा शेवट केला पाहिजे, असें त्याच्या मनानें तेथें घेतलें. त्या जागीं १८७९ सालीं स्मारकस्तंभ उभारण्यांत आला.

निबंधाचा वाढविलेला इंग्रजी अवतार १७८६ सालीं प्रसिद्ध झाला. १७८७ च्या मे महिन्यांत लंडनमध्यें गुलामांच्या व्यापाराविरुद्ध बारा जणांची समिति बसली, तींत क्लार्कसन होता. केंब्रिजच्या खोलींत लागलेली पुरावा धुंडण्याची संवय तो आतां ब्रिस्टल-लिव्हरपूलच्या धक्क्यांवर घेऊन गेला. खलाशांच्या जबान्या टिपल्या, दुकानांतून बेड्या विकत आणल्या. १८०७ सालीं पार्लमेंटानें हा व्यापार बंद केला. वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ सालीं झाला. हें सारें एका निबंधानें झालें असें म्हणणें वेडेपणाचें होईल. ग्रॅनव्हिल शार्प, विल्बरफोर्स, क्वेकर मंडळी, स्वतः गुलामगिरी भोगून आत्मचरित्र लिहिणारा इक्वियानो आणि १७९१ पासून हैतींत बंड करून उठलेले गुलाम, या सर्वांचा त्यांत वांटा आहे.

तथापि निबंध लिहूं इच्छिणाऱ्यांनीं यांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. क्लार्कसननें प्रश्नाचे शब्द वाचून न थांबतां त्याचा रोंख वाचला. ऐकीव मतांपेक्षां डोळ्यांनीं पाहणारांची साक्ष मोलाची मानली. आणि मुख्य म्हणजे, मिळालेल्या सत्यानें आपलें मन बदलूं दिलें. लेखकाला जो निबंध हालवीत नाहीं, तो वाचकाला काय हालविणार ? बक्षिसाची हांव त्याच्याही मनांत होती. ती निंद्य नव्हे. तिनें त्याला दारापर्यंत आणलें, आंत तो स्वतःच्या पायांनीं गेला. आणि विषय निवडणाऱ्या गुरुजनांनींही पेकर्ड यांचें स्मरण ठेवावें. 'वसंत ऋतूचें सौंदर्य' विचारलें, तर पाठ केलेली फुलेंच हातीं येणार.

हा प्रश्न आपणांस परका नाहीं. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, निग्रोंना दास्यांतून मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांना अर्पण केला. केंब्रिजमध्यें विचारलेला प्रश्न पुण्यासही विचारण्याजोगा होता, हें त्यांनीं ओळखलें होतें. आमच्या घरांतील मुलगा किंवा मुलगी पुढल्या खेपेस निबंधाला बसेल, तेव्हां सुभाषितांची वही हातीं देण्यापूर्वीं आपण एवढेंच विचारावें : 'तूं लिहिणार तें खरें ठरलें, तर उद्यां तुला काय करावें लागेल ?'