जाळ्यामागचे हात

भामरागडकरांना पर्लकोटा नदीची ओळख करून देण्याची गरज नाही. २०१९ च्या पावसाळ्यात तिचे पाणी पुलावरून वाहू लागले व गावाचा संपर्क पुन्हा पुन्हा तुटला, तेव्हा पूल म्हणजे काय ते सर्वांस कळले. एरवी पुलावरून जाणारा पुलाकडे पाहत नाही. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते अशाच एका पुलाविषयी. तो मात्र संगणकाच्या आज्ञांचा आहे.

संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणारा सर्व काही स्वतः लिहीत नाही. इंटरनेटवरून निरोप गुप्तपणे पाठविण्याचे काम तो दुसऱ्याने रचलेल्या आयत्या आज्ञासंचावर सोपवितो. त्या धंद्यात याला लायब्ररी म्हणतात. ओपनएसएसएल ही अशी लायब्ररी १९९८ साली निघाली. ती फुकट मिळे, म्हणून लहानथोर सर्वांनी घेतली.

मार्च २०१२ मध्ये तिची १.०.१ ही आवृत्ती आली. तीत एक सोय होती. एका यंत्राने 'जागा आहेस ना?' अशा अर्थी काही अक्षरे पाठवावी, किती पाठविली तो आकडा सांगावा, आणि दुसऱ्याने तितकी परत करावी. आकडा खरा की खोटा हे कोणी तपासतच नसे! चार अक्षरे देऊन चौसष्ट हजार मागितली, तर उरलेली ते यंत्र आपल्या मेमरीतून, त्यात कोणाचे पासवर्ड का असेनात, बिनबोभाट देऊन टाकी. ७ एप्रिल २०१४ रोजी हा दोष हार्टब्लीड या नावाने जाहीर झाला. दुरुस्त आवृत्तीही त्याच दिवशी निघाली. परंतु ती ज्याने त्याने आपल्या यंत्रावर बसवावयाची होती, जुन्या किल्ल्या बदलावयाच्या होत्या. कॅनडाच्या करखात्यातून तेवढ्यात सुमारे ९०० जणांचे विमाक्रमांक चोरीस गेले.

गंमत अशी की, जुनी ०.९.८ आवृत्ती ज्यांनी बदललीच नव्हती ते या दोषातून सुटले. म्हणून आळस शहाणपण ठरत नाही. नवी संरक्षणे तिला ठाऊक नव्हती, आणि २०१५ च्या अखेरीस तिची डागडुजीही थांबली.

कामगार चळवळीत वाढलेल्या आम्हांला बोचते ते निराळेच. दोषी आज्ञा संचात शिरल्या ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री. लिहिणाऱ्या तरुणाकडे पुढे पुष्कळांनी बोट दाखविले. भिंत पडली की मुकादम गवंड्याकडे दाखवितो तसेच. पण एवढ्या कामावर पूर्ण वेळ राबणारा माणूस एकच होता, आणि देणग्या वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर! बोभाटा झाल्यावर सतराव्या दिवशी, २४ एप्रिल २०१४ रोजी, बड्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत प्रत्येकी वर्षाला किमान १ लाख डॉलर तीन वर्षे देण्याचे कबूल केले.